पोथीपालट

चौदा वर्षं एकच खेळ खेळल्यावर माणसाला त्याचा कंटाळा आला तर त्यात काही वावगं नाही. लोकांना नोकरीचा येतो, शहराचा येतो, सख्ख्या भावाचाही येतो. श्रीरंग टिपणीसांची चूक एवढीच झाली, की आपल्या कंटाळ्याचं कारण त्यांनी स्वतःच शोधून काढलं आणि कोणालाही न विचारता ते खरं मानलं.

खेळ मूळचा अमेरिकन. त्यात पट नाही, पत्ते नाहीत, जिंकणं-हरणंही धड नाही. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. चोराला कुलूप उघडायचं असलं की फासा टाकायचा. आकडा बरा पडला तर कुलूप उघडतं, नाहीतर पहारेकरी जागे होतात. कोणत्या कुलपाला कोणता आकडा, हे एका जाडजूड नियमावलीत दिलेलं असतं. त्र्याऐंशी साली टिपणीस दिल्लीतल्या मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहत होते, तेव्हा वरच्या मजल्यावरचा एक परदेशी विद्यार्थी मायदेशी जाताना ही नियमावली आणि एक गळका स्टोव्ह मागे ठेवून गेला. स्टोव्ह घरमालकाने उचलला, नियमावली टिपणीसांनी. त्यांनी ती लाल फडक्यात बांधून ठेवली तेव्हापासून तिला सगळे पोथी म्हणू लागले. वीस बाजूंचे फासे मात्र तो विद्यार्थी बरोबर घेऊन गेला होता, म्हणून तंबोल्याच्या एक ते वीस सोंगट्या पिशवीत घालून त्यातून आकडा काढायचा रिवाज पडला. गोष्ट सांगणाऱ्याला ही मंडळी सूत्रधार म्हणत. चौदा वर्षं सूत्रधार एकच होता.

खेळणारे तिघे. भालचंद्र आणि अलकनंदा मुनिरक्याच्या दिवसांपासूनचे. भालचंद्र सरकारी कचेरीत हिंदी अनुवादक होता, खेळात मांत्रिक. अलकनंदा फरीदाबादला रंगाच्या कारखान्यात केमिस्ट, खेळात अट्टल चोर. तिसरे सुभेदार धोंडीराम पाटोळे, छावणीतून स्कूटरवर येत. खरे फौजी असून खेळात त्यांनी अहिंसाव्रती बैरागी घेतला होता. आठवडाभर बंदूक आहेच, रविवारी तरी नको, असं त्यांचं म्हणणं. मध्ये तीन वर्षं त्यांची बदली पठाणकोटला झाली होती, तेव्हा ते बैराग्याची चाल पोस्टकार्डाने कळवत.

आता टिपणीसांच्या दृष्टीने या खेळाचं मोल काय होतं, ते सांगायला हवं. ते नोएडात रंगीत टीव्ही बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात होते. एक्क्याण्णवनंतर कंपनीत परदेशी भांडवल आलं, पाठोपाठ सव्वीस-सत्तावीस वर्षांची टाय लावलेली मुलं आली. मीटिंगमध्ये टिपणीस बोलायला उभे राहिले की ही मुलं ‘बिल्कुल सर, बिल्कुल’ म्हणत घड्याळाकडे बघायची. सोसायटीच्या सभेत त्यांचा मुद्दा येईपर्यंत समोसे येत. घरी मुलगी अनुष्का वाक्य संपायच्या आत ‘अच्छा, ठीक आहे’ म्हणून उठे, आणि बायको विनया शाळेत गणित शिकवून आल्यावर पुन्हा कोणाचं ऐकायच्या स्थितीत नसे. आठवड्यातून चारच तास, रविवारी तीन ते सात, टिपणीस बोलत आणि माणसं ऐकत. ते चार तास गेले तर या अफाट दिल्लीत आपलं ऐकणारं कोणी उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून रविवारी जांभया सुरू झाल्या तेव्हा त्यांनी धसका घेतला. भालचंद्राच्या जांभईचं त्यांना विशेष वाटलं नाही, तो दिवसभर परिपत्रकांचं हिंदी करत असे. पण एका रविवारी ऐन लढाईत, सेनापतीचं भाषण चालू असताना, खुद्द सूत्रधारालाच जांभई आली.

दोष पोथीचा, असा निष्कर्ष टिपणीसांनी त्याच आठवड्यात काढला. त्या पोथीत साधं दार उघडायचं तर तीन तक्ते बघावे लागत. दार लाकडी की लोखंडी, उघडणारा उपाशी की जेवलेला, आणि त्याच्या पाठीवर ओझं किती. चौदा वर्षांपूर्वी हेच तक्ते टिपणीसांनी बायबल-कुराणासारखे मानले होते. कोणी हसला तर ते त्याच्याशी दोन-दोन आठवडे बोलत नसत. आता तीच पानं त्यांना उघडवेनात. आपण सांगत असलेल्या गोष्टींत दोष असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. खरं तर त्र्याण्णवपासून त्यांच्या प्रत्येक गोष्टीत खलनायक एकच होता: परदेशातून नुकताच परतलेला एक तरुण राजपुत्र, जो म्हाताऱ्या प्रधानांकडे लेखी अहवाल मागायचा. हा कोण, हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कळत असे. सूत्रधाराला सोडून.

विनयाचा भाऊ अंकुर न्यू जर्सीत होता. त्याने नव्या पद्धतीची नियमावली, फाशांसकट, पाठवली. पार्सल काही आलं नाही, पार्सल अडकल्याची चिठ्ठी आली. टिपणीस रजा टाकून कस्टमच्या कचेरीत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांच्यासमोर खोकं उघडलं. मुखपृष्ठावर एक शिंगवाला राक्षस होता आणि मखमली पिशवीत सात फासे. अधिकारी सज्जन गृहस्थ होता. त्याने एक फासा फिरवून पाहिला आणि म्हणाला, “बीस मुँह का पासा? छह से आप लोगों का काम नहीं चलता?”

हे जुगाराचं सामान आहे का, असं त्याने अत्यंत नम्रपणे विचारलं. मागे रांगेत पंधरा माणसं उभी होती आणि पंधरा जणांचेही कान इकडे होते. चाळिशीतल्या माणसाने, खरेदी विभागाच्या उपव्यवस्थापकाने, ‘आम्ही रविवारी बैरागी आणि चोर होतो’ असं पंधरा माणसांसमोर कसं सांगावं? टिपणीसांनी मान ताठ केली आणि हिंदीत सांगितलं, की हे आमच्या संस्थेच्या सांस्कृतिक कार्यासाठी आहे. दिल्लीत मराठी माणूस अडचणीत आला की त्याला संस्था आठवते. अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. मग काय प्रश्नच नाही, तो म्हणाला. नोंदणीकृत संस्थेच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून आणा आणि पार्सल घेऊन जा.

आता दोन ओळींसाठी लेटरहेड, लेटरहेडसाठी नोंदणी, आणि नोंदणीसाठी किमान सात सभासद. टिपणीस धरून खेळणारे चार. विनयाचं नाव कागदापुरतं घातलं, तिने वह्या तपासता तपासता सही केली. उरलेली दोन नावं खालच्या मजल्यावरच्या भसीन दांपत्याची घालावी लागली, आणि इथे टिपणीसांचं नशीब फिरलं. भसीन साहेब सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. दर रविवारी वरून सोंगट्या खुळखुळल्याचा आवाज येतो म्हणून वर जुगार चालतो, अशी त्यांची सहा वर्षं खात्री होती. सभासद होण्याचं निमंत्रण येताच त्यांचं मत बदललं. निवृत्तीनंतर त्यांना कोणी कुठल्याही कागदावर सही करायला बोलावलं नव्हतं.

संस्थेला घटना लागते. यमुनेपलीकडचं एक मराठी मंडळ सात-आठ वर्षांपूर्वी भांडणात बंद पडलं होतं, त्याची घटना टिपणीसांनी पैदा केली. ती वाचत बसायला वेळ कोणाला होता? त्यांनी जिथे जिथे ‘अध्यक्ष’ दिसलं तिथे पांढरा रंग लावून ‘सूत्रधार’ टाइप केलं. असं एकतीस ठिकाणी केलं आणि दर वेळी त्यांना बरं वाटलं. भालचंद्राने सगळ्याचं हिंदी केलं. त्याने हाताखालून गेलेलं वाक्य समजून घ्यायची सवय सरकारी नोकरीत कधीच सोडली होती, त्यामुळे सूत्रधाराच्या सौभाग्यवतींनी संक्रांतीला हळदीकुंकू करावं, हे कलमही शाबूत राहिलं.

मेरठला निबंधकांच्या कचेरीत चार खेपा झाल्या. ‘नोएडा कथा-क्रीडा मंडळ’ हे नाव कारकुनाने परत केलं. कथा असेल तर संस्था धार्मिक, क्रीडा असेल तर क्रीडा खात्याची ना-हरकत हवी. चौथ्या खेपेला नावात ना कथा उरली ना क्रीडा, ‘नोएडा स्नेहवर्धक मंडळ’ असं काहीतरी मंजूर झालं. कारकुनाने आपणहून चांगुलपणाने उद्दिष्टांत राष्ट्रीय एकात्मता, व्यसनमुक्ती आणि वृक्षारोपण घालून दिलं. सगळेच घालतात, तो म्हणाला.

सगळे घालतात, पण सगळ्यांच्या संस्थेत भसीन साहेब नसतात. ते उद्दिष्टं घेऊन वर आले आणि वृक्षारोपण कधी, असं त्यांनी विचारलं. टिपणीस हसले. भसीन साहेब हसले नाहीत. एका रविवारी खेळ रद्द करून सेक्टरच्या बागेत कडुनिंबाची अकरा रोपं लावायचं ठरलं. खड्डे झाले, रोपं आली, पाण्याचा टँकर आला नाही. तो शोधायला सूत्रधारांना पाठवण्यात आलं, कारण घटनेप्रमाणे बाह्य संस्थांशी संपर्क ही सूत्रधाराची जबाबदारी होती. टिपणीस दोन तासांनी घामाघूम होऊन, टँकरशिवाय, परत आले. लांबूनच त्यांना हसण्याचा आवाज ऐकू आला. विनया खड्ड्याच्या कडेला मातीच्या ढिगावर बसून काहीतरी सांगत होती. अलकनंदा तिच्यासमोर उकिडवी बसली होती, सुभेदारांनी कुदळ खाली ठेवली होती, आणि भसीन साहेब, ज्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून पुढे झुकले होते. टिपणीस जवळ येताच सगळे उठून माती झटकू लागले.

“काय चाललं होतं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” विनया म्हणाली, “टाइमपास.”

आठ महिन्यांनी लेटरहेडवर दोन ओळी गेल्या आणि पार्सल सुटलं. टिपणीसांनी नवी पोथी तीन दिवसांत वाचून काढली. तिच्यात तक्ते नव्हते, ओझ्याचे हिशेब नव्हते. खेळणाऱ्यांनीही गोष्टीत भर घालावी, असं सुचवलेलं होतं. त्यांना तारुण्य परत आल्यासारखं वाटलं. आता फक्त येत्या रविवारी पोथी बदलल्याचं जाहीर करायचं. पण भसीन साहेब म्हणाले, की नियमांत बदल करायचा तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, कलम सात. पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. टिपणीसांनी आपल्याच घरात सभा घेण्यासाठी आपल्याच बायकोला लेखी नोटीस दिली आणि तिची पोच घेतली.

सभेत ते पन्नास मिनिटं बोलले. जुन्या पोथीचे बारा दोष त्यांनी मुद्देसूद मांडले. शेवटी सगळ्यांकडे बघून विचारलं, की इतकी वर्षं आपण हे कसं सहन केलं? भसीन साहेबांनी हात वर करायला सांगितले. नव्या पोथीच्या बाजूने एक हात वर आला, तो ठराव मांडणाऱ्याचाच.

“अरे पण तुम्ही सगळे जांभया देता,” टिपणीस म्हणाले. “मी बघतो ना.”

अलकनंदा बराच वेळ टेबलावरच्या सोंगट्यांशी चाळा करत होती. ती म्हणाली, “श्रीरंग, पोथीचा आम्हाला कंटाळा नाही आलेला.”

यापुढचं वाक्य ती बोलणार नाही, असं टिपणीसांना क्षणभर वाटलं. तशी ती भिडस्त होती.

“पाच वर्षं झाली, तू आम्हाला खेळवत नाहीस, तपासतोस. मी कुलपाला हात लावायच्या आधी तुला ठाऊक असतं की पहारेकरी येणार आणि तुझा राजपुत्र येऊन भाषण देणार. मी फरीदाबादहून दोन बसेस बदलून येते. कशाला येते, असं मला घरी विचारतात.”

“मग येतेस कशाला?”

“सवय,” अलकनंदा म्हणाली. “आणि तुला वाईट वाटेल म्हणून.”

भालचंद्र खिडकीबाहेर बघत होता. सुभेदारांनी घसा साफ केला आणि साहेबांचा मान आपल्या जागी आहेच, असं काहीतरी सुरू केलं, पण ते वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. ऑफिसातली मुलं निदान घड्याळाकडे उघडपणे बघत होती. ही माणसं पाच वर्षं दयेपोटी त्यांच्याकडे बघत होती आणि ते त्याला उत्कंठा समजत होते.

हे सगळं मराठीत चाललं होतं, त्यामुळे भसीन साहेबांना वातावरणाची कल्पना नव्हती. त्यांनी शांतपणे चष्मा लावला आणि पुढचा विषय घेतला. “क्लॉज ग्यारह,” ते म्हणाले. “सूत्रधार का चुनाव, हर साल, गुप्त मतदान से। संस्था का साल तो इकतीस मार्च को ही पूरा हो गया, टिपणीस जी।”

ते वाक्य टिपणीसांनी स्वतःच्या हाताने पांढरा रंग लावून तयार केलं होतं. घटनेचा मान राखायचा तर मतदान घेणं भाग होतं, आणि आता माघार घेणं म्हणजे घाबरल्यासारखं दिसलं असतं. सुभेदारांनी, फार संकोचून, वहिनींचं नाव सुचवलं. विनया नको नको म्हणाली. ते तीन वेळा म्हणाली, चौथ्यांदा म्हणाली नाही. अनुष्काच्या वहीतला एक कागद फाडून सात चिठ्ठ्या झाल्या आणि कुकरच्या डब्यात पडल्या. भसीन साहेबांनी एकेक उघडून वाचली. विनया सहा, श्रीरंग एक. ती एक चिठ्ठी कोणाची होती ते टिपणीसांना माहीत होतं, त्यामुळे उरलेल्या सहाही कोणाच्या ते आपोआप कळलं. गुप्त मतदानात गुप्त असं काहीच राहिलं नाही.

आठवडाभर टिपणीसांनी विनयाशी कामापुरतं बोलणं ठेवलं. ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती, याचीही त्यांनी नोंद घेतली. रविवारी आपण येऊच नये, असं त्यांच्या मनात होतं, पण खेळ त्यांच्याच बैठकीत होता; न यायचं तर घराबाहेर पडावं लागलं असतं आणि बाहेर जूनमधल्या गरम वाऱ्याची लू चालली होती. शेवटी त्यांनी एक चिलखतधारी म्हातारा सरदार घेतला आणि खुर्ची टेबलापासून हातभर मागे ओढून बसले.

विनयाने सुरुवात अगदी साधी केली. नदी, पलीकडे गाव, गावात एकही माणूस नाही पण चुली पेटलेल्या. अलकनंदा पुढे सरकली. नदी पार करताना विनयाने ओझ्याचा विषयही काढला नाही, तेव्हा टिपणीसांना राहवलं नाही. पोथी तीच ठेवायची ठरली आहे तर तिच्याप्रमाणे चिलखत अंगावर असलेल्या माणसाला पोहण्यासाठी अठराच्या वर आकडा हवा, असं त्यांनी तक्त्याचं पान उघडून दाखवलं.

“जाऊ दे ना,” विनया म्हणाली. “कडेकडेने गेलास असं धरू.”

“नियम म्हणजे नियम.”

“नक्की?”

टिपणीसांनी पिशवीत हात घातला. चार आला. सरदार चिलखतासकट बुडाला. मेलेल्या खेळाडूने मोहीम संपेपर्यंत बोलू नये, हाही पोथीतलाच नियम, आणि गेली चौदा वर्षं तो कोणी कितीही गयावया केली तरी टिपणीसांनी कधी सैल केला नव्हता. खेळ सुरू होऊन पंचवीस मिनिटं झाली होती. मेलेला सभासद इतिवृत्त लिहायला हरकत नाही, असा तोडगा भालचंद्राने काढला, आणि भसीन साहेबांनी, ज्यांना बायकोचा आग्रह मोडवला नसल्याने त्या रविवारी वर यावं लागलं होतं, नवी कोरी वही पुढे केली.

टिपणीस लिहीत गेले. चुली पेटलेल्या त्या गावात मांत्रिकाला एका घराच्या माजघरात बाहेरून कडी घातलेलं दार सापडलं. सुभेदारांचा बैरागी दारापाशी बसला आणि आतल्या माणसाशी बोलू लागला. आतून आवाज आला तो बैराग्याच्याच गावच्या बोलीतला. सुभेदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी खरोखरीचा आवाज खाली आणून विचारलं, की आत तुम्ही किती जण आहात? विनयाने घड्याळाकडे पाहिलं, सात वाजले होते. तिने पोथी मिटली.

अलकनंदा जिन्यातून उतरतानाही भालचंद्राशी त्या दाराबद्दल वाद घालत होती. सुभेदारांची स्कूटर सुरू झाली तरी ते दोन मिनिटं तिच्यावर नुसते बसून होते, हे टिपणीसांना गॅलरीतून दिसलं. आत विनया कप गोळा करत होती. टिपणीसांनी पोथी फडक्यात बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. खिडकी लावली. मग ट्रे धरायला म्हणून ते तिच्याजवळ गेले आणि अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, “त्या दाराआड कोण आहे?”

“पुढच्या रविवारी कळेल,” विनया म्हणाली. “सगळ्यांबरोबर.”

ती कप घेऊन आत गेली. टिपणीस ट्रे धरून तिथेच उभे राहिले. आज रविवार, म्हणजे अजून सात दिवस थांबायचं. त्यांना संताप आला, आणि तो निवडणूक हरल्याचा नव्हता. लग्नाला बारा वर्षं झाली होती. या बारा वर्षांत एकाही रविवारी संध्याकाळी तिने त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता.